पुनर्बांधणीनंतरची टकटक : एमजीबीच्या इंजिनातील व्हॉल्व्हयंत्रणेचे दोष कसे शोधावेत

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते आणि थोड्याच वेळात वरच्या झाकणाखालून टकटक ऐकू येऊ लागते. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारी हौसेने जपणाऱ्यांना हा प्रसंग अपरिचित नाही. येथे उदाहरणादाखल 1962 ते 1980 या काळातील एमजीबीचे 1798 सीसी इंजिन घेतले आहे. ते बीएमसीच्या बी-मालिकेतले. भारतातील अॅम्बॅसेडरचे 1489 सीसी पेट्रोल इंजिनही त्याच कुळातले असल्याने ‘टॅपेट सेट करणे’ हे शब्द अनेक वाचकांच्या कानांवरून गेलेले असतील.

या रचनेत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे इंजिनाच्या निम्म्या लयीत येणारी टकटक बहुधा याच साखळीतली असते.

प्रथम फट तपासावी. बहुतेक एमजीबींसाठी थंड इंजिनावर ती 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर ठेवतात. आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनाला नऊचा नियम लागू पडतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मोजावी, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. फट बरोबर असूनही आवाज राहिला, तर रॉकरचे टोक पाहावे. झिजलेल्या टोकात खळगा पडतो, फीलर गेजची पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी टेकते आणि प्रत्यक्षात फट मापापेक्षा मोठी राहते.

एकाच व्हॉल्व्हची फट वारंवार वाढत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. टॅपेटचा तळ आणि कॅमचा उंचवटा एकमेकांना खात असावेत. डायल गेज लावून प्रत्येक पुशरॉडची उचल मोजावी. इनलेटची तुलना इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशीच करावी. एखादा उंचवटा ठळकपणे कमी भरला, तर कॅमशाफ्ट आणि सर्व टॅपेट एकत्रच बदलावे लागतात. नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवण्याची काटकसर फार महागात पडते, कारण झिजलेला लोखंडाचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचतो. या झिजेचे मूळ अनेकदा पहिल्या वीस मिनिटांत असते. नवा कॅम सुरुवातीलाच सुमारे 2000 ते 2500 आरपीएमवर चालवायचा असतो, मंद गतीवर नव्हे. जस्त-फॉस्फरसयुक्त तेलही आवश्यक असते.

मात्र खरी भीती आवाजाची नसून शांततेची आहे. मूळ हेडमधील एक्झॉस्टच्या बैठकी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. ब्रिटनमध्ये त्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 2000 सालापासून थांबली. कठीण धातूच्या बैठकी बसवलेल्या नसतील, तर सततच्या वेगवान प्रवासात व्हॉल्व्ह बैठकीत खोल रुततो, त्याची दांडी वर येते आणि फट कमी होत जाते. इंजिन अधिकाधिक गुळगुळीत वाजू लागते आणि मालक समाधानी असतो. शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो, त्याची उष्णता बैठकीकडे जात नाही आणि कडा जळते. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन घसरते. दाबाची हवा सोडल्यास सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस ऐकू येते. कार्ब्युरेटरकडे ऐकू आली, तर इनलेट दोषी.

सगळेच रॉकर एकदम खडखडत असतील, तर तेल पोहोचत आहे का ते पाहावे. रॉकरशाफ्टला तेल एकाच आधारस्तंभातील छिद्रातून मिळते. तो स्तंभ चुकीच्या जागी बसला की शाफ्ट कोरडा पडतो. शाफ्ट काढताना घाई करू नये. त्याचे काही नट हेडचेही नट आहेत, म्हणून आधी कूलंट काढून हेडचे सर्व नट क्रमाने थोडेथोडे सैल करावेत. पुनर्बांधणीनंतर काहीशे मैलांनी हेड पुन्हा आवळले की गास्केट दबते आणि फटी बदलतात. त्यामुळे त्यानंतर टॅपेट नव्याने सेट करावेच लागतात.