रंगीत नाणी आणि काळवंडणारी चांदी

नाणे हे मुळात विनिमयाचे साधन. स्मरणार्थ काढलेले नाणे मात्र स्मृतीचे साधन होय. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने काढलेले दहा रुपयांचे नाणे अनेक घरांत अजूनही जपून ठेवलेले आढळते. त्यात ८० टक्के चांदी आहे. आज ते बहुधा करडे किंवा काळसर झालेले असते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. चांदीचे वय चांदीवर दिसायचेच, हे आपण गृहीत धरतो. त्याच चांदीवर रंगीत चित्र असेल तर हे समाधान टिकत नाही. ते का, हे समजून घ्यायचे तर रंगीत नाण्यांचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

चांदीच्या नाण्यावर रंग चढविण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये फोफावली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्या सुमारास बर्मिंगहॅमचे कारागीर चलनी नाण्यांवरील राजचिन्हाभोवतीची चांदी कोरून काढीत आणि त्या खळग्यांत मीना भरून ती भट्टीत भाजून काढीत. अशी नाणी ब्रोच म्हणून किंवा घड्याळाच्या साखळीत मिरविली जात. मीना म्हणजे वस्तुतः काच. तिला गंधकाची बाधा होत नाही. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या नाण्यांवरील निळा आणि तांबडा रंग ताजा दिसतो. मात्र ते काम टांकसाळीचे नव्हते. एकेका नाण्यावर हाताने केलेली ती कारागिरी होती.

टांकसाळीतूनच रंगीत होऊन आलेल्या नाण्यांचे युग १९९२ साली सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. प्रशांत महासागरातील पलाऊ ह्या चिमुकल्या द्वीपसमूहाच्या नावाने त्या वर्षी सागरी जीवसृष्टीच्या रक्षणाचा संदेश देणारी नाणी निघाली, आणि त्यांवर मासे व प्रवाळ रंगांत अवतरले. पलाऊचे रोजचे चलन अमेरिकन डॉलर. तेव्हा ही नाणी बाजारासाठी नसून संग्राहकांसाठीच होती. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थची टांकसाळ, कॅनडाची शाही टांकसाळ आणि इतर अनेकांनी हा मार्ग धरला. भाजलेल्या मीन्याची जागा आता छापील शाईने घेतली. मऊ सिलिकॉनच्या गादीने शाई उचलून ती नाण्यावर दाबायची, ही त्यांतील एक प्रचलित रीत. काम झटपट झाले. परंतु काचेचा टिकाऊपणा शाईत कोठून येणार?

खरी अडचण येथे सुरू होते. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंचा चांदीशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो पातळ असताना नाणे पिवळसर दिसते. जाड होत जाता तांबूस, जांभळे, निळसर आणि अखेर काळे. रबर, लोकर, हलक्या प्रतीचा पुठ्ठा ह्यांतूनही गंधक सुटतो, आणि आपल्या किनारपट्टीची दमट हवा त्याला हातभार लावते. साध्या नाण्यावर ह्या छटा कधीकधी शोभून दिसतात. अमेरिकेतील जुने मॉर्गन डॉलर कापडी थैल्यांत पडून पडून इंद्रधनुष्यासारखे झाले, आणि त्यांना संग्राहक अधिक मोल देतात.

रंगीत नाण्याला ही सवलत नाही. त्यावरील चित्र शुभ्र चांदीच्या पार्श्वभूमीवर योजलेले असते. चांदी पिवळी पडली तरी मासा निळाच राहतो, आणि दोहोंचा मेळ तुटतो. उजळायला जावे तर चांदी साफ करणारी आम्लयुक्त द्रावणे धातूचा पृष्ठभाग खातात आणि रंगाच्या कडा सोडवू शकतात. दंतमंजनाने घासणे तर त्याहून घातक. आरशासारख्या तकाकीवर ओरखडे उठतात ते कायमचे. शुद्ध चांदीवर उमटणारे दुधाळ पांढरे डाग हा आणखी एक उपद्रव. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ साली आपल्या मेपल पानाच्या नाण्यांसाठी ते टाळण्याची खास प्रक्रिया योजली.

रंगाच्या नश्वरतेचे बोलके उदाहरणही कॅनडाचेच आहे. २००४ साली त्या देशाने युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पंचवीस सेंटच्या नाण्यावर तांबडे पॉपीचे फूल छापले. चलनात आलेले हे जगातील पहिले रंगीत नाणे. ते चांदीचे नव्हते, पोलादावर निकेलचा मुलामा होता. म्हणून काळवंडण्याची भीती नव्हती. तरीही हातोहात फिरता फिरता अनेक नाण्यांवरील तांबडा रंग झिजला. फुलाची कोरलेली रेघ तेवढी उरली.

आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासाचा बोध साधा आहे. रंगीत नाणे मूळच्या कुपीतून काढू नये. काढलेच तर कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ते ठेवू नये, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. जवळ सिलिका जेलची पुडी असावी. आणि एवढे करूनही चांदीवर छटा आलीच, तर ती तशीच राहू द्यावी. काळाचा डाग पुढच्या पिढीला वाचता येतो. घासून काढलेला पृष्ठभाग तिला काहीच सांगत नाही. जे नाणे आठवण ठेवण्यासाठी घडविले, त्याच्यावरची वर्षे पुसून टाकण्याचा अधिकार आपण का घ्यावा?