घराचे मूल्यांकन : गडहिंग्लजच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

हिरण्यकेशीकाठचे गडहिंग्लज १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होते. विलीनीकरणानंतर येथील घरांना मुंबई राज्याचे व पुढे महाराष्ट्राचे कायदे लागू झाले. या स्थित्यंतरात घराचे 'मूल्य' कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने घरपट्टीची आकारणी घराला मिळू शकणाऱ्या वाजवी वार्षिक भाड्याशी जोडली. दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजावट ठेवली. साहजिकच आकारणीच्या वेळी घर साधे दिसणे मालकाच्या हिताचे होते. संपत्तीकर कायद्याने (१९५७; कर २०१५ मध्ये रद्द) नोंदणीकृत मूल्यांककास मान्यता दिली आणि गृहकर्जाच्या प्रसाराने तो सामान्यांच्या उंबरठ्यावर आला. आता मालक तेच घर रंगवून, गळकी कौले बदलून दाखवू लागला.

तथापि, रंगरंगोटीपेक्षा कागद निर्णायक ठरतो. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. मिळकतपत्रिकेवर अद्याप आजोबांचेच नाव असेल, तर भक्कम वाडाही तारण म्हणून दुबळा ठरतो. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींना सहदायकी मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. त्यामुळे वारसनोंद आणि बहिणींचे हक्कसोडपत्र हे प्रश्न मूल्यांककाच्या भेटीआधीच उभे राहतात.

सारांश, मूल्यांकनासाठी घर सज्ज करणे म्हणजे प्रथम वारसांचा हिशेब पूर्ण करणे होय. बहिणीचा वाटा न मोजता काढलेली घराची किंमत अपुरीच राहते.