सीपीकेची कुळकथा

प्रक्रिया-क्षमता निर्देशांक, म्हणजे कारखान्यात ज्यांना सीपी आणि सीपीके म्हणतात ते आकडे, एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : ड्रॉइंगवर दिलेल्या टॉलरन्समध्ये ही प्रक्रिया सतत माल काढू शकेल का? एकोणिसाव्या शतकात सुटे भाग एकमेकांच्या जागी बसतील असे बनू लागले आणि तपासणीसाठी 'गो' व 'नो-गो' गेज आले. हातातला भाग ठेवायचा की टाकायचा, एवढे गेजवरून कळे. पुढचे हजार भाग कसे निघतील, हे कळत नसे.

ते कळण्याची वाट वॉल्टर शूहार्ट यांनी काढली. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत असताना 16 मे 1924 रोजी त्यांनी वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले. त्यात नियंत्रण आलेखाची, म्हणजे मापांतले दोन प्रकारचे फरक वेगळे ओळखणाऱ्या आलेखाची, कल्पना मांडलेली होती. मापांतला काही फरक प्रक्रियेत मुरलेलाच असतो. काही मात्र झिजलेले हत्यार किंवा बदललेला कच्चा माल अशा शोधता येण्याजोग्या कारणांनी येतो. ही कारणे दूर झाल्यावरच प्रक्रियेबद्दल भाकीत करता येते. क्षमतेच्या साऱ्या गणिताचा पाया हाच आहे.

1956 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हस्तपुस्तिकेने क्षमता-अभ्यास थेट शॉपफ्लोरवर नेला. टॉलरन्सच्या पूर्ण पट्ट्याला सहा प्रमाण विचलनांनी भागले की सीपी मिळतो. हे गुणोत्तर रूढ होण्याचे श्रेय जोसेफ जुरान यांच्या 1974 च्या लेखनाला दिले जाते. पण सीपीत एक मोठी उणीव होती. समजा, शाफ्टचा व्यास 25.00 ± 0.03 मिमी हवा आहे आणि प्रमाण विचलन 0.01 मिमी आहे. सीपी बरोबर 1 येतो. सेटिंग सरकून सरासरी 25.01 झाली, तरी सीपी 1 च राहतो. प्रत्यक्षात मात्र हजारामागे सुमारे 23 शाफ्ट मोठे निघू लागतात. सीपीके सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर मोजून त्याला तीन प्रमाण विचलनांनी भागतो. इथे तो 0.67 येतो आणि दोष उघडा पडतो. जपानमध्ये वापरात असलेली ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत पसरली; व्हिक्टर केन यांच्या 1986 च्या लेखाने तिची चर्चा रुंदावली.

शूहार्ट 1947-48 मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि हा विचार भारतीय उद्योगांपर्यंत पोहोचू लागला. आज चाकण-भोसरीतल्या वाहन-भाग पुरवठादारांना नवा भाग मंजूर करून घेताना महत्त्वाच्या मापांसाठी बहुधा 1.67 चा निर्देशांक दाखवावा लागतो. तो आकडा गाठण्याच्या घाईत प्रक्रिया आधी स्थिर आहे का, हे पाहणे अनेकदा राहून जाते आणि मग निर्देशांक काहीच सांगत नाही. सोबत नियंत्रण आलेख नसेल, तर ग्राहकाने सीपीके स्वीकारू नये.