एका संकोचाच्या रोगाचा इतिहास

आमच्या कुलवृत्तांतांत गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांची नोंद सापडते. आजोबा कोणत्या रोगाने गेले, हे मात्र सापडत नाही. ‘लघवीचा त्रास होता’ एवढे सांगून वडीलधारी मंडळी गप्प बसतात. तो त्रास बहुधा प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीचा असतो; तिचा कर्करोग आरंभी मुकाच राहतो.

१८५३ साली लंडनचे शल्यविशारद जॉन अ‍ॅडम्स यांनी या कर्करोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी तो अत्यंत विरळ ठरविला. विरळ तो नव्हता, दिसत नव्हता. १९०४ साली बाल्टिमोर येथे ह्यू यंग यांनी ही ग्रंथी समूळ काढली. परंतु रोग हाडांत उतरल्यावर आलेल्या रुग्णास शस्त्रक्रियेचा काय उपयोग?

१९९४ साली अमेरिकेत पी.एस.ए. या रक्तचाचणीस रोग शोधण्यासाठी मान्यता मिळाली. पुढे उत्साहाचा अतिरेक झाला, हेही आम्ही नमूद करतो. सापडलेला प्रत्येक कर्करोग मारक नसतो. कित्येकांनी शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम निष्कारण सोसले. २०१२ साली तेथील तज्ज्ञमंडळाने ही चाचणी नकोच म्हटले. २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून ठरवावे, असे सुचविले. युरोपातील २३ वर्षांच्या पाहणीत, चाचणीस बोलाविलेल्या पुरुषांत या रोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. लाभ थोडा, पण खरा.

वडील वा भाऊ यांस हा रोग झालेल्या पुरुषास धोका अधिक. तेव्हा समाजबांधवांनी संकोच सोडून घरी एवढे तरी विचारून घ्यावे.