चंद्रावर पोचलेली वीण

२० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या यानातल्या संगणकाची स्मृती बायकांनी हाताने विणली होती, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

हा संगणक अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पाणबुडीतून सुटणाऱ्या पोलारिस क्षेपणास्त्राची दिशादर्शक यंत्रणाही याच प्रयोगशाळेची. यानाचे संगणक बांधायचं काम मिळालं रेथिऑन या कंपनीला. वॉल्थम हे तिचं गाव कापडगिरण्यांचं आणि घड्याळांचं. बारीक कामाला सरावलेले हात तिथे होतेच.

काम कसं चाले? समोर धातूच्या बारीक कड्या. सुईत तांब्याची तार ओवायची. तार कडीतून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. अशा ‘एक’ आणि ‘शून्य’ यांतूनच संगणकाला हुकूम मिळतो. कुठल्या कडीतून ओवायचं ते यंत्र दाखवी, ओवणारा हात मात्र बाईचा. एका संगणकात अशा ३,०७२ कड्या आणि जवळपास सहा लाख ‘एक-शून्य’! वीण एकदा पक्की झाली की बदल करणं फार अवघड. म्हणून प्रत्येक फेरा तपासला जाई.

पण ही वीण भक्कम होती. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ वर उडताच वीज कोसळली, यानातली वीज गेली, तरी विणलेला प्रोग्रॅम शाबूत राहिला.

आता गंमत ऐका. इंजिनिअर मंडळींनी आपल्या बोलीत या स्मृतीला नाव ठेवलं ‘एलओएल मेमरी’, म्हणजे ‘लिटल ओल्ड लेडी’, म्हातारबायांची स्मृती. आणि एखाद्या मोहिमेचा प्रोग्रॅम सांभाळणारी व्यक्ती, मग तो पुरुष का असेना, ती ‘रोप मदर’, म्हणजे दोराची आई! नावात बाई आली, पण विणणाऱ्या बहुतेकींची नावं इतिहासात आली नाहीत.

आपल्याकडेही भरतकामाला, गोधडीला ‘फावल्या वेळचं काम’ म्हणतात आणि त्याच शब्दाने भाव पाडतात. म्हणून गटाच्या वहीत ‘शिवण’ एवढंच लिहू नका. किती टाके, किती तास आणि कुणी केलं, तिचं पूर्ण नाव लिहा.