मीटरची भोकं

फियाटचा रंग खरवडून पत्रा उघडा केला की गाडीनं आजवर काय काय केलं ते दिसू लागतं, आणि त्यातलं बरंचसं भोकांत असतं. पुढच्या डाव्या अंगाला बोल्टांची भोकं आणि जवळच केबलपुरती एक वाट दिसली, तर ती गाडी टॅक्सी होती हे कळायला आरसी बुक लागत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डावीकडे बसे. गाडी किती धावली हे त्याला फिरत्या केबलीवरून कळे, आणि केबल न्यायची तर पत्रा भोसकावाच लागे. २०१० नंतरच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, मीटर आत गेला, भोकं बाहेरच राहिली.

माझं सगळं आयुष्य कुर्ल्यात पत्रा ठोकण्यात गेलं, आणि ही गाडीही कुर्ल्याचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार झाला आणि इथल्या कारखान्यातून ११०० निघू लागली. पुढं तीच डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. नाव बदललं की डिकीवरची अक्षरं बदलत. जुन्या गाडीला नवं नाव चिकटवायची हौस असणाऱ्यांनी डिकीवर आणखी भोकं पाडली, म्हणून एकाच झाकणावर दोन नावांच्या भोकांच्या रांगा सापडतात.

बाकीची भोकं मालकांच्या हौसेची. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. ती हाती आली की माणूस तिला सजवायला उतावीळ होई. मडगार्डावर आरसा, पुढं धुक्याचे दिवे, रेडिओची एरियल. त्या काळी रेडिओला परवाना लागे, त्यामुळे गाडीतला रेडिओ म्हणजे ऐटच. टॅक्सीच्या टपावरचं कॅरियर मात्र बिचारं सज्जन. ते पन्हळीवर पट्ट्या आवळून बसतं, छताला भोक मागत नाही.

हातातलं ड्रिल मिनिटभरात भोक पाडतं. बुजवणं हे मात्र पिढ्यांचं काम आहे.

मी शिकलो ते गॅसवर. उस्ताद पितळेची कांडी आणि टाकणखार घेऊन भोक बुजवत. पितळ सुरेख भरतं, पण वर काचेसारखा थर धरतं. तो पूर्ण खरवडला नाही तर काही महिन्यांत तिथं रंगाला फोड येतात. शिवाय बॉनेटचा मोठा सपाट पत्रा गॅसची आच सोसत नाही. तो ताणतो, फुगतो आणि मग बोटानं दाबला की टकटक वाजतो. उस्ताद म्हणूनच बॉनेटवरचं भोक कधी घाईत घेत नसत, मालक कितीही तगादा लावो.

भोकं बुजवून गाडी गुळगुळीत करण्याची हौस फोफावली ती महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात. पोरं बॉनेटवरचं चिन्ह, डिकीचं हँडल, दारांच्या पट्ट्या काढून टाकत. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी बॉब हिरोहाता यांच्यासाठी १९५१च्या मॉडेलच्या मर्क्युरीवर केलेलं काम आजही या धंद्यात नावाजतात. तिथं शिसं-कथिलाचं मिश्रण वापरत. आधी पत्र्याला कल्हई, मग शिसं. ७० भाग शिसं आणि ३० भाग कथील असेल तर ते १८३ अंशांना मऊ पडू लागतं आणि २५० च्या पुढं पार वितळतं. मधल्या टप्प्यात लाकडी पट्टीनं ते कणकेसारखं सरकवता येतं. भोकाला आधी तळ द्यावा लागतो, नाहीतर सगळं खाली गळतं. आणि शिसं कानशीनंच उतरवायचं, पॉलिशपेपर लावायचा नाही. ती धूळ छातीत गेली की विष आहे.

१९५० च्या दशकात पॉलिएस्टर पुटी आली आणि कष्ट वाचले. दोन गोष्टी कालवल्या, भोकावर थापल्या, वाळल्या की घासल्या. मुंबईत मात्र हा मार्ग गाडीच्या जिवावर उठतो. ही पुटी पाणी पिते. भोक खालून उघडं असलं तर पावसाळ्यात चाकानं उडवलेलं पाणी मडगार्डाच्या पोटातून पुटीत शिरतं, कडेचा पत्रा गंजतो आणि रंगाखाली भोकाच्याच आकाराचं वर्तुळ उठतं. अशी वर्तुळं मी रंगाखालून बोटानं ओळखतो. पुटी शेवटचा हात फिरवायला आहे, भोक बुजवायला नाही.

म्हणून आता मी दोन्ही बाजूंनी पत्रा लख्ख करतो, मागं तांब्याची जाड पट्टी दाबून धरतो आणि मिग वेल्डिंगनं टिपका मारतो. वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही आणि तांबं उष्णता ओढून घेतं. मोठ्या भोकाला त्याच जाडीच्या पत्र्याची चकती कापून बसवतो आणि समोरासमोर टाके घालतो. प्रत्येक टाक्यानंतर थांबतो. मग ग्राइंडर, आणि दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर.

आरशाची, दिव्यांची, एरियलची भोकं मी निर्धास्तपणे बुजवतो. मीटरची नाही. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे टॅक्सी भंगारात गेल्या, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून एकही पद्मिनी उरली नाही. उरलेल्या गाड्या हौशी लोक खासगी रंगात रंगवून घेतात. या शहरानं ज्या गाडीतून प्रवास केला ती टॅक्सी होती, हे त्या पत्र्यावर राहिलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. म्हणून बोल्टांच्या भोकांना स्टेनलेसचे बोल्ट आणि रबरी वॉशर, केबलच्या वाटेला रबराचं बूच, आतून पूर्ण प्रायमर. पाणी शिरत नाही, आणि उद्या कुणी जुना मीटर शोधून आणला तर तो जागच्या जागी बसतो. मालक हट्टच धरून बसला तर मी आधी भोकांची मापं कागदावर घेतो, फोटो काढतो, दोन्ही गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला देतो, आणि मगच टॉर्च पेटवतो.