पोराचा पगार, आईचं घरभाडं

समजा, साल २०१२ आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक बाई आपल्या मुलाबरोबर कौन्सिलच्या भाड्याच्या घरात राहते. ती अर्धवेळ सफाईचं काम करते. तेवढ्या पगारात भाडं निघत नाही, म्हणून कौन्सिल तिला 'हाउसिंग बेनिफिट' देतं, म्हणजे भाड्यापुरती सरकारी मदत. मुलगा अठरा पूर्ण होतो, कॉलेज सोडतो आणि एका गोदामात कामाला लागतो. आठ-दहा महिन्यांनी घरी पत्र येतं. मुलगा कमावत असताना तुम्हाला जास्त मदत दिली गेली, ती रक्कम परत करा.

मुलाच्या पगारातला एक पौंडही कदाचित आईच्या हातात आलेला नसतो. तो पैसा त्याच्या बसभाड्यात, फोनमध्ये, मित्रांमध्ये गेलेला असतो. पण कौन्सिलच्या हिशेबात त्यातला काही भाग भाड्याला लागलेला आहे. तो लागला की नाही, हे कोणी विचारत नाही. तो लागला असं धरून चालतात.

ही बाई आणि तिचा मुलगा काल्पनिक आहेत, पण अशी पत्रं ब्रिटनमध्ये खूप घरांत गेली आहेत. आणि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचा पैसा नेमका कोणाचा?

आजोबा, आई, मुलं: सगळेच जबाबदार

१६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, इंग्लंडमध्ये गरिबांसाठीचा कायदा झाला. गावातल्या गरिबांना गावानेच, म्हणजे तिथल्या पॅरिशने, कर गोळा करून पोसायचं. पण आधी नातेवाइकांची पाळी. आई-वडील, आजी-आजोबा आणि मुलं यांची ऐपत असेल तर त्यांनी आपल्या म्हाताऱ्या, आंधळ्या, अपंग माणसाला सांभाळलंच पाहिजे, असं कायद्यातच लिहिलं होतं. सरकारी पैसा सगळ्यात शेवटी.

ऐकायला हे आपल्याला फारसं वावगं वाटणार नाही. आपल्याकडेही उत्पन्नाचा दाखला काढायला गेलं की 'कुटुंबाचं एकूण उत्पन्न' विचारतात. अडचण सुरू होते ती घरातल्या पोराचा पगार बापाची मदत कापायला वापरला जातो तेव्हा. ब्रिटनने हे सगळ्यात कडवटपणे अनुभवलं ते १९३० च्या दशकात.

'मीन्स टेस्ट'

१९३१ च्या ऑगस्टमध्ये रॅमसे मॅक्डोनाल्ड यांचं मजूर पक्षाचं सरकार पडलं. जागतिक मंदी होती, तिजोरी रिकामी होत होती आणि बेकार भत्ता कापायचा की नाही यावर मंत्रिमंडळ फुटलं. मॅक्डोनाल्ड यांनीच मग सर्वपक्षीय म्हणवणारं 'राष्ट्रीय सरकार' बनवलं. त्या सरकारने भत्ता दहा टक्क्यांनी कापला. प्रौढ पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग मिळायचे, ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले.

त्याहून मोठा घाव नोव्हेंबरमध्ये बसला. विम्याचा बेकार भत्ता २६ आठवडे मिळे. तो संपला की पुढची मदत हवी असेल तर घराची झडती, असा नियम आला. हिलाच 'मीन्स टेस्ट' म्हणत. स्थानिक समितीचा माणूस घरी यायचा आणि विचारायचा: पोस्टात किती साठवलंय? आजोबांना पेन्शन किती? मुलगी गिरणीत जाते ना, तिला काय मिळतं?

त्या काळी शाळा चौदाव्या वर्षी सुटायची. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची कमावती मुलं घरोघर होती. खाण बंद पडली की बाप घरी बसायचा, आणि मुलीला मात्र कापड गिरणीत किंवा दुकानात काम मिळायचं, कारण तिला पगार कमी द्यावा लागायचा. आता तिच्या पगारामुळे बापाचा भत्ता घटायचा, कधी पूर्ण बंदच व्हायचा. तीस वर्षं कोळसा काढलेल्या माणसाला तंबाखूसाठी मुलीपुढे हात पसरावा लागायचा. मुलीला वाटायचं, मी कमावते म्हणून घर खाली चाललंय.

त्यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे घर सोडणं. कमावती मुलं दुसरीकडे खोली घेऊन राहू लागली, काही खरोखर तर काही फक्त कागदोपत्री. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ च्या 'द रोड टू विगन पिअर' या पुस्तकात या चाचणीने घरं कशी फोडली, म्हातारी माणसं घराबाहेर कशी पडली, हे नोंदवलं आहे. कुटुंबाने एकमेकांना सांभाळावं म्हणून केलेल्या नियमाने कुटुंबंच मोडली.

नियम बदलला कसा

हे लोकांनी मुकाट्याने सोसलं नाही. रॉदरम आणि डरम इथल्या स्थानिक समित्या चाचणी कडकपणे राबवत नव्हत्या. सरकारने १९३२ मध्ये त्यांचे अधिकार काढून घेतले आणि वरून आयुक्त नेमले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्कनहेडमध्ये दंगे झाले. बेकारांचे मोर्चे पायी लंडनला निघाले.

१९३४ च्या कायद्याने हे काम स्थानिक समित्यांकडून काढून एका केंद्रीय मंडळाकडे दिलं. देशभर एकच दरपत्रक लावायचं असं ठरलं आणि जानेवारी १९३५ मध्ये ते लागू झालं. अनेक घरांची रक्कम आधीपेक्षा कमी झाली, विशेषतः ज्या घरांत कमावती मुलं होती तिथे. साउथ वेल्सच्या खोऱ्यांत लाखो लोक रस्त्यावर आले. मर्थर टिडफिलमध्ये जमावाने मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड केली आणि त्यात बायका पुढे होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच सरकारने माघार घेतली. जुनी आणि नवी यांतली जी रक्कम जास्त असेल ती मिळेल, असं जाहीर झालं.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर तीन जणांच्या न्यायाधिकरणाकडे अपील करता येत होतं. एक अध्यक्ष, एक मंडळाचा माणूस, एक कामगारांचा प्रतिनिधी. त्यांच्या निकालावर पुढे अपील नव्हतं. तरी भत्त्याचा आकडा चुकला आहे असं एका माणसाने एकट्याने म्हणण्याची जागा तयार झाली.

घराची चाचणी खरी संपली ती युद्धात. कामगार संघटनांतून आलेले अर्नेस्ट बेविन हे चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री होते. चाचणी जावी यासाठी त्यांनी जोर लावला आणि १९४१ च्या कायद्याने ती गेली. १९४८ मध्ये तर जुना गरीब-कायदाच रद्द झाला. आई-वडिलांना पोसायची मुलांवरची कायदेशीर सक्ती त्याबरोबर संपली.

पण १९४१ च्या कायद्यात एक खुंटी उरली होती. घरातल्या कमावत्या मुलाचा सगळा पगार मोजायचा नाही, मात्र तो घरखर्चाला ठरावीक हातभार लावतो असं धरायचं. लीड्सच्या बाईला आलेलं पत्र याच खुंटीला टांगलेलं आहे.

धरून चाललेला हातभार

हाउसिंग बेनिफिट १९८२-८३ मध्ये सुरू झालं आणि १९८८ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली. पैसा बहुतांश केंद्राचा, कारभार कौन्सिलचा. त्यात घरात राहणारा अठरा वर्षांवरचा मुलगा 'अवलंबून नसलेली व्यक्ती' ठरतो आणि त्याच्यापायी मदतीतून ठरावीक रक्कम कापली जाते.

कपातीचे टप्पे असतात. मुलगा आठवड्याला १६ तास किंवा जास्त काम करत असेल, तर त्याचा कर कापण्याआधीचा पगार जितका मोठा तितकी कपात मोठी. आणि त्याच्या पगाराचा पुरावा मिळाला नाही तर कौन्सिल बहुतेकदा सगळ्यात वरचा टप्पा लावतं. २००१ नंतर दहा वर्षं हे आकडे गोठलेले होते. २०११ पासून ते भराभर वाढवले गेले.

वयाच्या रेषाही नीट बघाव्या लागतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कमावत असला तरी त्याच्यापायी ही कपात नाही. शाळा-कॉलेजात पूर्णवेळ शिकणारा आणि ज्याच्यासाठी आईला बाल-भत्ता मिळतो असा मुलगा शनिवारी दुकानात काम करत असेल, तर त्या कमाईला हात लावत नाहीत. पण त्याने शिक्षण सोडून नोकरी धरली की मदतीच्या हिशेबात त्याच्यासाठी धरलेली रक्कम गळते, आणि अठरा झाले की कपात सुरू होते. म्हणजे घरात काहीच न बदलता, फक्त वाढदिवस आला म्हणून, भाड्याची मदत कमी होऊ शकते.

पत्राला उत्तर

जास्त दिलेली रक्कम परत मागणाऱ्या पत्राला आव्हान देता येतं. पण कोणापुढे, हाही एक इतिहास आहे. २००१ पर्यंत कौन्सिलच्या निर्णयावरची तक्रार 'पुनरावलोकन मंडळा'कडे जायची आणि त्या मंडळात बसायचे त्याच कौन्सिलचे नगरसेवक. आरोपीच न्यायाधीश. २००६ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की, असं मंडळ स्वतंत्र आणि निःपक्षपाती म्हणता येत नाही. तोपर्यंत ब्रिटनने ही मंडळं बंद करून स्वतंत्र न्यायाधिकरण आणलंच होतं. अर्जदाराने निर्णयापासून एका महिन्यात लेखी अपील करायचं. फी नाही, वकील लागत नाही.

तिथे प्रश्न एकापाठोपाठ एक सोडवायचे असतात.

पहिला: जास्त रक्कम खरंच दिली गेली का? मुलगा त्या तारखेला अठराचा होता का, कॉलेज कधी सुटलं, आठवड्याचे तास किती होते? आईला स्वतःला अपंगत्वामुळे देखभालीचा भत्ता मिळत असेल तर ही कपात लागूच होत नाही.

दुसरा: आकडा बरोबर आहे का? वरचा टप्पा लावला असेल तर मुलाच्या पगाराच्या पावत्या दाखवून तो खाली आणता येतो. शिवाय सगळी माहिती वेळेत दिली असती तर जेवढी मदत मिळाली असती, तेवढी कौन्सिलने मागणीतून वजा केलीच पाहिजे. मोठी दिसणारी मागणी अनेकदा इथेच अर्ध्यावर येते.

तिसरा: चूक कोणाची? सरकारी कार्यालयाच्या चुकीमुळे जास्त पैसे गेले, त्या चुकीला अर्जदाराचा हातभार नव्हता आणि जास्त मिळतंय हे तिला कळणं वाजवी नव्हतं, तर ती रक्कम वसूल करता येत नाही. या तिन्ही अटी एकत्र लागतात. आणि रक्कम वसूल करता येते याचा अर्थ ती वसूल केलीच पाहिजे असा होत नाही. सोडून द्यायची मुभा कौन्सिलला असते.

सगळ्यात जास्त लोक तिसऱ्या पायरीवर घसरतात. आई म्हणते, मुलाने कॉलेज सोडल्याचं मी बाल-भत्त्याच्या कार्यालयाला लगेच कळवलं होतं. तिच्या दृष्टीने सरकारला सांगून झालं. पण ते कार्यालय वेगळं, कौन्सिल वेगळं. २००५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, दुसऱ्या एका भत्त्याचा असाच खटला गेला. तिथे तर दोन्ही कार्यालयं एकाच खात्याची होती. एका कार्यालयाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत असेल असं अर्जदार गृहीत धरू शकत नाही, असा बहुमताचा निकाल लागला. मी रोज ज्या प्रकारची कामं करतो त्या भाषेत सांगायचं तर दोन डेटाबेस एकमेकांशी जोडलेले नव्हते आणि ती जोडणी हाताने करायचं काम अर्जदार बाईचं ठरलं.

जोडलेले डेटाबेस

एप्रिल २०१३ पासून ब्रिटनच्या कर खात्याने नवी पद्धत आणली. मालकाने पगार देतानाच त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. पुढे हीच माहिती भत्त्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाऊ लागली. गोदामातल्या पोराचा पगार आता सरकारला जवळपास त्याच दिवशी कळतो. मग जास्त पैसे जाण्याचा धोका कमी व्हायला हवा, आणि तरीही गेले तर दोष सरकारचा धरला जायला हवा. निदान तर्क तरी तसा सांगतो.

झालं उलटं. काम करण्याच्या वयातल्या लोकांसाठी हाउसिंग बेनिफिटची जागा हळूहळू 'युनिव्हर्सल क्रेडिट'ने घेतली. त्यात कमावत्या मुलापायी होणारी कपात एकवीस वर्षांपासून लागते, म्हणजे तीन वर्षांची सवलत मिळाली. पण पगाराचे टप्पे गेले. थोडं कमावणाऱ्या मुलासाठीही तीच सरसकट रक्कम. आणि २०१२ च्या कायद्याने जुनी ढालही काढून घेतली. चूक पूर्णपणे सरकारी कार्यालयाची असली, अर्जदाराला काहीच कळण्यासारखं नसलं, तरी रक्कम वसूल करता येते. ती सोडून द्या अशी विनंती करता येते, तो हक्क म्हणून मागता येत नाही.

१९३५ मध्ये साउथ वेल्सचे लोक रस्त्यावर आले तेव्हा निदान एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. तपासनीस दारात उभा होता, त्याच्या हातात वही होती आणि तो कोणत्या कार्यालयातून आलाय हे माहीत होतं. आता तो दिसत नाही. त्याच्या जागी एक आकडा येतो, आणि त्याची उलटतपासणी करायला आईला स्वतःच्या मुलाकडे त्याच्या पगाराच्या पावत्या मागाव्या लागतात. बऱ्याच अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना ते नकोसं वाटतं, आणि का वाटावं हे समजण्यासारखं आहे. पण एका महिन्याची मुदत चालू असते, आणि त्या पावत्यांशिवाय वरचाच टप्पा लागतो.